बॅकअप क्लस्टरचे नोड दुरुस्तीसाठी बंद करताना : एका वेळी किती, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने?

नोडपाल (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या बॅकअप क्लस्टरमधील तीन नोडवर हार्डवेअरचे काम काढावे लागणार आहे. आखणी पक्की करण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

रचना अशी आहे. एकूण सहा नोड असून प्रत्येकात १६ टीबीच्या १२ हार्ड डिस्क आहेत आणि त्यांवर ‘सेफ’ ही वितरित साठवण प्रणाली चालते. बॅकअपचा पूल ४+२ इरेजर कोडिंगचा आहे व फेल्युअर डोमेन ‘होस्ट’, म्हणजे अख्खा नोड, ठेवलेले आहे. म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टचे चार डेटा तुकडे आणि दोन पॅरिटी तुकडे सहा वेगवेगळ्या नोडवर जातात. क्लस्टर ६८ टक्के भरलेला आहे. क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारे मॉनिटर नोड १, २ आणि ३ वर आहेत, तर बाहेरून लेखन-वाचन ज्यातून होते ते एस-थ्री गेटवे नोड ३ आणि ४ वर. बॅकअप सॉफ्टवेअर स्वतंत्र सर्व्हरवर असून ते या गेटवेमार्फत लिहिते. महत्त्वाच्या बकेटवर (ऑब्जेक्टच्या कप्प्यांवर) ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत पुसू न देणारे कुलूप, लावलेला आहे.

काम असे आहे की, नोड ३ मधील एका मेमरी मॉड्यूलवर दुरुस्त होणाऱ्या त्रुटींची संख्या वाढत चालली आहे, त्यामुळे ते बदलायचे आहे. नोड ५ आणि ६ वर बायोस आणि डिस्क कंट्रोलरचे फर्मवेअर अद्ययावत करायचे आहे. पुरवठादाराचा अभियंता एकाच दिवशी येणार असल्याने ५ आणि ६ हे दोन्ही नोड एकदम बंद करावेत, असा आग्रह आहे. ४+२ मध्ये दोन तुकडे गेले तरी डेटा वाचतो, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. दुसरा प्रश्न असा की, नोड बंद करण्यापूर्वी त्यावरील सगळा डेटा इतरत्र हलवावा, की ‘नोआउट’ (बंद डिस्क क्लस्टरबाहेर काढू नये, अशी सूचना) लावून तसाच बंद करावा? आणि ‘बॅकअपच तर आहे, दिवसा बंद राहिला तर कुणाला कळणार’, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे, त्यावरही मत हवे आहे.

चौथी प्रत

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ४+२ मध्ये दोन नोड गेले तरी डेटा नष्ट होत नाही, हे खरे. परंतु डेटा शाबूत असणे आणि तो वापरता येणे यांत फरक आहे. सेफमध्ये इरेजर कोडेड पूलचा ‘मिन-साइझ’ (काम चालू राहण्यासाठी लागणाऱ्या तुकड्यांची किमान संख्या) मुळात डेटा तुकड्यांपेक्षा एकाने अधिक, म्हणजे आपल्या बाबतीत ५ असतो. दोन नोड एकदम बंद केले की प्रत्येक प्लेसमेंट ग्रुपकडे (एकत्र हाताळल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टच्या गटाकडे) चारच तुकडे उरतात आणि सगळे ग्रुप निष्क्रिय होतात. त्या क्षणापासून एकही बॅकअप लिहिला जाणार नाही आणि एकही रिस्टोअर होणार नाही.

यावर ‘मग मिन-साइझ ४ करून टाकू’ असा उपाय सुचवणारे हमखास भेटतात. तो मान्य करू नये. मिन-साइझ ४ असताना जे लिहिले जाते, ते शून्य सुरक्षेने लिहिले जाते. उरलेल्या चार नोडमधील ४८ डिस्कपैकी एक जरी त्या दरम्यान कायमची गेली, तरी तिच्यावर पडलेले नवे लेखन कोणत्याही मार्गाने परत मिळणार नाही, कारण बंद असलेल्या दोन नोडवर ते कधी गेलेलेच नसते.

एकच नोड बंद असतानाचा हिशेबही पाहून ठेवावा. पाच तुकडे उरतात, म्हणजे काम चालू राहते, पण उपलब्धतेच्या दृष्टीने आपण काठावर असतो. उरलेल्या पाच नोडपैकी कोठेही एक डिस्क गेली, तर ती ज्या प्लेसमेंट ग्रुपमध्ये आहे ते ग्रुप चार तुकड्यांवर येऊन थांबतील. येथेच ‘नोआउट’ कसा लावता, याला महत्त्व येते. पुष्कळ जण तो संपूर्ण क्लस्टरला लावतात. तसे केले, तर दुसऱ्या नोडवर मेलेली डिस्कही ‘आउट’ होत नाही आणि तिचे तुकडे पुन्हा बांधायला सुरुवातच होत नाही. त्याऐवजी ‘सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोआउट’ ही आज्ञा त्या एका होस्टपुरती द्यावी. मग इतर नोडवरील मेलेली डिस्क नेहमीप्रमाणे ६०० सेकंदांनी बाहेर काढली जाते आणि तिचे तुकडे त्याच नोडच्या उरलेल्या डिस्कवर बांधले जातात. ऑक्टोपस, म्हणजे पंधराव्या आवृत्तीपासून, मिन-साइझपेक्षा कमी तुकडे असतानाही, किमान चार तुकडे हाती असल्यास, ही पुनर्बांधणी होऊ शकते. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल, तर दुरुस्तीपूर्वी अपग्रेडचा विचार करावा.

नोड बंद करण्याआधी त्याच्या सर्व ओएसडींचे (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेवांचे) क्रमांक एकत्र देऊन ‘ओके-टू-स्टॉप’ ही तपासणी चालवावी. एकेका ओएसडीसाठी वेगवेगळी चालवली, तर प्रत्येक वेळी ‘हरकत नाही’ असे उत्तर येईल आणि त्यावरून पूर्ण नोडबद्दल काहीच सिद्ध होणार नाही.

लेखाजोखा

दुसऱ्या प्रश्नावर केवळ आकडेमोड करून दाखवतो, कारण आकडे पाहिल्यावर चर्चेला फारसा वाव उरत नाही.

एका नोडची कच्ची क्षमता १९२ टीबी. ६८ टक्के भरलेला धरला, तर सुमारे १३० टीबी डेटा हलवावा लागेल. क्लस्टरने सलग १ जीबी प्रति सेकंद या वेगाने तो हलवला, तरी ३६ तास लागतात आणि काम संपल्यावर तेवढाच डेटा परत आणावा लागतो. मेमरी मॉड्यूल बदलायला अभियंत्याला तासभर लागतो, त्यासाठी तीन दिवस डिस्क घासत बसायच्या, हे व्यवहाराला धरून नाही. शिवाय तेवढा डेटा पाच नोडवर बसवला, तर त्यांचा भरणा ८१.६ टक्क्यांवर जातो. सेफचा पहिला इशारा ८५ टक्क्यांना येतो, ९० ला बॅकफिल (डिस्कवर तुकडे पूर्णपणे नव्याने भरणे) थांबते आणि ९५ ला लेखन बंद पडते. आज क्लस्टर ७५ टक्के भरलेला असता, तर एक नोड रिकामा करताना सरळ ९० गाठले असते.

परंतु हा सगळा हिशेब आपल्याला लागूच पडत नाही, ही खरी गोम आहे. सहा तुकडे सहा वेगळ्या होस्टवर ठेवण्याचा नियम आणि होस्ट एकूण सहाच. एक काढला, तर सहावा तुकडा ठेवायला जागाच उरत नाही. नोड रिकामा करण्याची आज्ञा दिली, तरी ते काम कधीच पूर्ण होणार नाही. डेटा हलवून मग दुरुस्ती करण्याची सोय हवी असेल, तर सातवा नोड घ्यावा लागतो. अर्थसंकल्पाच्या बैठकीत हा मुद्दा मांडण्यासाठी ही दुरुस्ती चांगले निमित्त आहे.

तेव्हा आपल्यासमोर होस्टपुरता ‘नोआउट’ हाच मार्ग आहे. त्यातून आणखी एक प्रश्न उभा राहतो: नोड परत आलाच नाही तर? मदरबोर्ड गेला, भाग यायला आठवडा लागला, तर तो आठवडाभर आपण पाच तुकड्यांवर आहोत आणि क्लस्टर स्वतःहून सावरू शकत नाही. याचे उत्तर आधी लिहून ठेवावे. माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच मॉडेलचा एक रिकामा सर्व्हर तयार ठेवणे. ओएसडीची ओळख डिस्कवरच नोंदलेली असते. सर्व १२ डिस्क आणि त्यांच्या डीबीसाठी (डिस्कवर काय कोठे आहे, याच्या नोंदींसाठी) वापरलेले एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश ड्राइव्ह), दोन्ही दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवून ‘सेफएडीएम ओएसडी ॲक्टिव्हेट’ केले, की ओएसडी तेथे उभे राहतात. नवा सर्व्हर जुन्याच होस्टनावाने उभा केला, तर डेटा हलण्याचा प्रश्नही येत नाही. एनव्हीएमई मागे राहिले, तर मात्र नुसत्या हार्ड डिस्क निरुपयोगी आहेत.

उत्तररात्र

वरचे दोन्ही प्रतिसाद साठवणीच्या बाजूने बिनचूक आहेत. मी बॅकअप सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ‘दिवसा बंद राहिला तर कुणाला कळणार’ या वाक्यात मोठा धोका दडलेला आहे.

रात्रीचे पूर्ण बॅकअप दिवसा चालत नाहीत, हे मान्य. पण डेटाबेसचे लॉग बॅकअप (झालेल्या बदलांच्या नोंदींचे बॅकअप) दिवसभर, दर १५ मिनिटांनी किंवा तासाला चालू असतात आणि ते थांबल्याचा फटका मूळ डेटाबेसला बसतो. एसक्यूएल सर्व्हर ‘फुल रिकव्हरी’ पद्धतीवर असेल, तर लॉग बॅकअप झाल्याशिवाय लॉगमधील जागा मोकळी होत नाही. फाइल वाढत राहते आणि डिस्क भरली की त्रुटी ९००२ येऊन व्यवहार थांबतात. ऑरॅकलमध्ये आर्काइव्ह लॉगची जागा भरली, तर डेटाबेस जागच्या जागी खोळंबतो आणि ओआरए-००२५७ दिसू लागते. पोस्टग्रेसमध्ये आर्काइव्ह कमांड अयशस्वी होत राहिली, तर डब्ल्यूएएल (बदलांच्या नोंदींच्या) फाइली साचत जातात आणि ती डिस्क भरल्यावर सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडतो. म्हणजे बॅकअप क्लस्टरची दोन तासांची दुरुस्ती लांबली, तर सायंकाळी मुख्य प्रणाली कोलमडू शकते आणि तेव्हा त्या दोन घटनांचा संबंध चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या बाबतीत एकच नोड बंद होणार असल्याने लेखन चालू राहील, हे गृहीत आहे. पण ते गृहीत मोडले तर किती वेळ हाताशी आहे, हे प्रत्येक मोठ्या डेटाबेससाठी आधी काढून ठेवावे. लॉगच्या डिस्कवर मोकळी जागा किती आणि कामाच्या तासांत लॉग किती वेगाने वाढतो, एवढ्या दोन संख्यांचा भागाकार आहे. ६० जीबी मोकळी आणि तासाला १० जीबी वाढ असेल, तर सहा तास. सर्वांत कमी उत्तर ज्या डेटाबेसचे येईल, त्याच्या निम्म्या वेळेत लॉग दुसरीकडे वळवण्याचा निर्णय घेता आला पाहिजे. ती दुसरी जागा, साधा एनएफएस शेअर (नेटवर्कवरील सामाईक फोल्डर) असला तरी चालेल, दुरुस्तीच्या आधीच जोडून आणि एकदा लिहून पाहिलेली असावी.

काम चालू असलेल्या जॉबविषयी: नवे जॉब सुरू होणे थांबवावे आणि चालू असलेले पूर्ण होऊ द्यावेत. मध्येच मारलेला व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप कधी कधी आपला स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) मागे सोडून जातो आणि तो स्नॅपशॉट डेटास्टोअरमध्ये गुपचूप वाढत राहतो. त्यामुळे दुरुस्तीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अनाथ स्नॅपशॉटचा अहवाल पाहावा. जॉब थांबवताना शेड्यूल ‘बंद’ करण्याऐवजी ठरावीक वेळेपर्यंत ‘पुढे ढकलता’ येत असेल, तर तसे करावे. बंद केलेले शेड्यूल परत चालू करायला विसरणे हा या कामातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष आहे, कारण जो जॉब सुरूच झाला नाही त्याची अपयशाची सूचना येत नाही.

एवढे सगळे सांगूनही, दुरुस्ती दिवसा करावी याच मताचा मी आहे, फक्त कारण वेगळे आहे. दिवसा लेखन कमी असते. नोड परत आल्यावर, मधल्या काळातील लेखन प्लेसमेंट ग्रुपच्या लॉगमध्ये मावत असेल, तर फक्त बदललेल्या ऑब्जेक्टची भरपाई होते आणि ती लवकर आटोपते. मावत नसेल, तर पूर्ण बॅकफिल करावे लागते. रात्रीच्या पूर्ण बॅकअपच्या वेळेत नोड बंद राहिला, तर दुसऱ्या शक्यतेकडे आपण स्वतःहून चालत जातो.

मंददिवा

नोड ३ बद्दल एक गोष्ट राहून गेली आहे. तेथे मॉनिटरही आहे आणि गेटवेही. तीन मॉनिटरपैकी एक गेला, तरी दोघांचे बहुमत राहते. पण त्या वेळेत नोड १ किंवा २ रीस्टार्ट झाला, तर संपूर्ण क्लस्टर ठप्प. म्हणून नोड ३ चे काम चालू असताना १ आणि २ वर ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वयंचलित अपडेट थांबवलेले असावेत. सक्रिय मॅनेजर (क्लस्टरची देखरेख करणारी सेवा) नोड ३ वर असेल, तर ‘एमजीआर फेल’ देऊन तो आधी दुसरीकडे न्यावा. गेटवे, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमधून, आधी काढावा, चालू अपलोड संपू द्यावेत आणि मगच सेवा थांबवावी. एखाद्या बॅकअप एजंटमध्ये थेट नोड ३ चा पत्ता टाकलेला नाही ना, हे गेटवेच्या लॉगवरून पाहता येईल.

रोहित्र

प्रत्यक्ष रॅकसमोरच्या कामाबद्दल कुणीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते घोडे तेथेच पेंड खाते.

पहिली बाब, योग्य यंत्राची ओळख. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत जी घटना घडली, तिचा अहवाल त्यांनी स्वतः जाहीर केलेला आहे: दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरील डिरेक्टरी पुसायची होती आणि ती मुख्य सर्व्हरवर पुसली गेली, त्यानंतर बॅकअपच्या एकेक पद्धती तपासल्या, तेव्हा त्या चालत नसल्याचे आढळले. आज्ञा देणारी व्यक्ती कुशल होती. आपण दुय्यम सर्व्हरवरच आहोत, असे तिला वाटत होते. म्हणून नोड बंद करताना आज्ञेच्या आधी होस्टनाव आणि सर्व्हरचा सिरियल क्रमांक वाचावा, तो रॅकमधील यंत्राच्या लेबलशी जुळवावा आणि बीएमसीमधून (सर्व्हरच्या दूरनियंत्रण चिपमधून) ओळखीचा निळा दिवा लावावा. टेलिफोनवर ‘वरून तिसरा’ असे सांगून वीज काढायला लावू नये.

दुसरी बाब, काम खरोखरच नोड बंद करण्याजोगे आहे का? दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरमध्ये एक सप्लाय किंवा हॉट-स्वॅप पंखा चालू स्थितीत बदलता येतो. मेमरी आणि बायोस यांना मात्र पर्याय नाही.

तिसरी बाब फर्मवेअरची. नोड ५ व ६ साठी जे फर्मवेअर आणले आहे, त्याच्या टिपणात डिस्कच्या फर्मवेअरचाही उल्लेख आहे का, ते पाहावे. २०१९ मध्ये एचपीईने काही एसएएस एसएसडींबद्दल असा इशारा दिला होता की, ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, त्या कायमच्या बंद पडतील. २०२० मध्ये आणखी काही मॉडेलसाठी ही मर्यादा ४०,००० तासांची निघाली. अशा दोषाची भीती ही की, एकाच खरेदीतील डिस्क एकाच सुमारास सुरू झालेल्या असतात, त्यामुळे त्या जातातही एकदम, आणि तेथे ४+२ किंवा तीन प्रती यांचा उपयोग होत नाही. नवे फर्मवेअर एका नोडवर घालून काही दिवस थांबावे आणि मगच दुसऱ्यावर घालावे, हे मी त्याच कारणाने सुचवीन. अभियंत्याला दोनदा यावे लागले तरी चालेल.

चौथी बाब, वर्षानुवर्षे अखंड फिरणाऱ्या हार्ड डिस्क पूर्ण वीज काढल्यावर पुन्हा फिरू लागतीलच, असे नाही. आधी स्मार्टच्या, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या, नोंदी पाहाव्यात आणि बदली डिस्क हाताशी ठेवावी.

बायोस अद्ययावत केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर सेटिंग मूळ स्थितीत जातात, हे अनेकदा घडते. बूटचा क्रम, कंट्रोलरचा मोड आणि वीज आल्यावर काय करायचे ही सेटिंग आधी निर्यात करून ठेवावीत. मदरबोर्ड बदलला, तर नेटवर्क कार्डाचे मॅक पत्ते आणि त्यावरून पडणारी इंटरफेसची नावे बदलू शकतात. बूट डिस्क टीपीएमला (किल्ल्या जपणाऱ्या चिपला) बांधून एन्क्रिप्ट केलेली असेल, तर बायोसच्या साध्या अपडेटनंतरही ती किल्ली नाकारली जाऊ शकते. रिकव्हरी की कागदावर किंवा अशा तिजोरीत हवी, जी उघडायला हाच क्लस्टर लागत नाही.

सहज वाचक

रोहित्र यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. अवांतर: क्लस्टर दुरुस्तीची कार्यपद्धती ज्या विकीवर आहे, त्या विकीचा बॅकअप कोठे आहे, हेही एकदा पाहून घ्यावे.

एक शंका आहे. नोड ३ मध्ये नवे मेमरी मॉड्यूल बसवल्यावर ते रात्रभर तपासून मगच नोड क्लस्टरमध्ये घ्यावा, असे मी शिकलो आहे. पण येथे तर नोड जितका लवकर परत येईल तितके बरे, असे सर्व जण म्हणत आहेत.

चौथी प्रत

शंका रास्त आहे आणि यात दोन्ही बाजूंना वजन आहे. मोठ्या मेमरीची पूर्ण तपासणी कित्येक तास चालते. तेवढा वेळ क्लस्टर पाच तुकड्यांवर राहतो आणि रात्रीचे बॅकअपही त्यातच येतात. दुसऱ्या बाजूला, खराब मेमरी असलेला नोड क्लस्टरमध्ये आला, तर तो चुकीचे लिहू शकतो. येथे दोन संरक्षणे आहेत: ईसीसी मेमरी एका बिटची चूक दुरुस्त करते व दोन बिटांची ओळखते, आणि ब्ल्यूस्टोअर (सेफचा डिस्कवर लिहिणारा भाग) प्रत्येक ब्लॉकचा सीआरसी-३२सी चेकसम ठेवून वाचताना पडताळतो. चेकसम काढण्यापूर्वीच बिघडलेला डेटा त्याला ओळखता येणार नाही, ही त्याची मर्यादा. म्हणून मॉड्यूल आधीच्या आठवड्यात त्या रिकाम्या सर्व्हरमध्ये बसवून तेथे हवी तितकी रात्र तपासावे आणि दुरुस्तीच्या दिवशी तपासलेलेच मॉड्यूल आणावे. नोड सुरू झाल्यावर कर्नलमधील ईडॅकचे (मेमरीच्या चुका मोजणाऱ्या यंत्रणेचे) आकडे काही दिवस पाहत राहावे.

लेखाजोखा

आणखी एक पूर्वअट जोडतो. काम सुरू करण्यापूर्वी सर्व प्लेसमेंट ग्रुप ‘ॲक्टिव्ह+क्लीन’ (चालू आणि सर्व सहा तुकडे जागेवर) असणे पुरेसे नाही. त्यांचे डीप स्क्रब, म्हणजे तुकडे प्रत्यक्ष वाचून केलेली पडताळणी, अलीकडे झालेले असावे. डीप स्क्रबचा ठरलेला कालावधी एक आठवड्याचा असतो. ‘वेळेत डीप स्क्रब झालेले नाहीत’ असा इशारा अनेक क्लस्टरमध्ये महिनोन्‌महिने पडून असतो आणि सवयीने त्याकडे दुर्लक्ष होते. न वाचलेल्या तुकड्यात दडलेला दोष नेमका नोड बंद असताना उघडा पडला, तर तो तुकडा नसल्यासारखाच धरावा लागतो. इशारा असेल, तर दुरुस्ती पुढे ढकलावी, असे माझे मत आहे.

सूचना दाबून ठेवण्याबद्दल: ‘हेल्थ म्यूट’ देताना मुदत द्यावी, उदाहरणार्थ ‘ओएसडी डाउन’ चार तासांसाठी. मुदत न देता दाबलेला इशारा आणि विसरलेला ‘नोआउट’, हे दोघे मिळून पुढच्या महिन्यातील अपघाताची पायाभरणी करतात.

नोडपाल (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आखणी बदलली आणि नोड ३ चे काम पूर्ण झाले, त्याचा वृत्तान्त देतो.

डीप स्क्रबचा इशारा आमच्याकडेही होता; तो निवळेपर्यंत थांबलो. लॉगच्या भागाकारात सर्वांत कमी वेळ असलेल्या डेटाबेससाठी पर्यायी एनएफएस जागा जोडून ठेवली होती, ती वापरावी लागली नाही. मॉड्यूल आधी तपासून घेतले. गेटवे लोड बॅलन्सरमधून काढला, मॅनेजर हलवला, होस्टपुरता ‘नोआउट’ लावला, ‘ओके-टू-स्टॉप’चे उत्तर पाहिले आणि नोड बंद केला.

नोड सुरू झाल्यावर बारापैकी एक डिस्क उठली नाही. रोहित्र यांनी सांगितलेलेच घडले. अभियंत्याचे म्हणणे होते की, नोड पुन्हा एकदा बंद करून डिस्क काढून-घालून पाहावी. मी ते मानले नाही, कारण अकरा डिस्कची भरपाई सुरू झाली होती. होस्टवरील ‘नोआउट’ काढला, ती डिस्क आउट झाली आणि तिचे तुकडे त्याच नोडच्या उरलेल्या अकरा डिस्कवर बांधले जाऊ लागले. त्या नोडचा भरणा त्यामुळे ७४ टक्क्यांच्या आसपास जाईल, जो मर्यादेत आहे.

आता प्रश्न असा: ही पुनर्बांधणी चालू असताना, भरपाई फक्त नोड ३ पुरती असल्याने, नोड ५ चे फर्मवेअर घ्यावे का? अभियंता त्यासाठी उपलब्ध आहे.

चौथी प्रत

घेऊ नये. ज्या प्लेसमेंट ग्रुपचा तुकडा त्या मृत डिस्कवर होता, ते सध्या पाच तुकड्यांवर आहेत आणि प्रत्येक ग्रुपचा एक तुकडा नोड ५ वरही आहेच, कारण होस्ट सहाच आहेत. नोड ५ बंद झाला, की ते सर्व ग्रुप चारवर येऊन थांबतील. ‘ओके-टू-स्टॉप’ आता चालवून पाहा, ते नाही म्हणेल. सर्व ग्रुप ‘ॲक्टिव्ह+क्लीन’ झाल्यावरच पुढचा नोड.

रोहित्र

सहमत. उठली नाही ती डिस्क सध्या तशीच राहू द्या, नोड बंद करून तिच्याशी खटपट करू नका. बदली डिस्क चालू स्थितीत बसवता येईल.

आणखी एक विचारतो. नोड ३ बराच वेळ पूर्ण विजेविना होता, तर सुरू झाल्यावर घड्याळ पाहिले का? मदरबोर्डवरील बॅटरी थकलेली असेल, तर यंत्र चुकीची तारीख घेऊन उठते.

नोडपाल (धागाकर्ता)

मॉनिटरने घड्याळाबद्दल इशारा दिला नाही, त्यामुळे वेळ बरोबर असावी, असे धरले आहे. वेगळे तपासलेले नाही. गेटवे अद्याप लोड बॅलन्सरमध्ये परत घेतलेला नाही.

उत्तररात्र

मॉनिटर एकमेकांच्या घड्याळात ०.०५ सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तर तक्रार करतात, त्यामुळे नोड ३ वरील आताची वेळ बरोबर आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. नोड ५ आणि ६ वर मात्र मॉनिटर नाहीत आणि तेथे बायोस बदलणार आहे, तेव्हा ही तपासणी तेथे हातानेच करावी लागेल.

ऑब्जेक्ट लॉक असलेल्या ठिकाणी या गोष्टीला एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे. ‘या तारखेपर्यंत पुसू नये’ ही अट गेटवे आपल्या यंत्राच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ दोन वर्षे पुढे गेले, तर त्याच्या दृष्टीने कुलपाची मुदत संपलेली असते आणि लाइफसायकलचा नियम ते बॅकअप पुसायला मोकळा होतो. घड्याळ मागे गेले, तर नुकसान होत नाही, पण सही केलेल्या विनंत्या वेळेतील फरकामुळे नाकारल्या जातात आणि जॉब अपयशी ठरतात. म्हणून ज्या नोडवर गेटवे आहे, तेथे सेवा आपोआप सुरू होऊ न देता, आधी क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) वेळेच्या स्रोताशी जुळला आहे का व हार्डवेअरच्या घड्याळातही तीच वेळ लिहिली गेली आहे का, हे पाहावे आणि मग गेटवे सुरू करावा.

गेटवे परत घेण्यापूर्वी थेट नोड ३ च्या पत्त्यावरून एक मध्यम आकाराचा जुना बॅकअप रिस्टोअर करून पाहा आणि एखाद्या डेटाबेसची दुरुस्तीपूर्व पूर्ण बॅकअपपासून आजच्या शेवटच्या लॉगपर्यंतची साखळी सलग लागते का, तेही तपासा. जॉब हिरवे दिसतात म्हणून साखळी शाबूत आहे, असे होत नाही.

नोडपाल (धागाकर्ता)

दोन्ही तपासण्या केल्या. रिस्टोअर नीट झाले. लॉगची साखळी एका डेटाबेससाठी तुटलेली आढळली. त्याचा लॉग जॉब आम्ही पुढे ढकलला होता आणि त्या वेळेत डेटाबेस सांभाळणाऱ्या चमूने स्वतंत्रपणे हाताने एक लॉग बॅकअप आपल्या स्थानिक डिस्कवर घेतला होता. ती फाइल मिळाली, त्यामुळे साखळी जुळली. नोड ५ च्या वेळी त्या चमूला आधी लेखी कळवणार आहे. अभियंत्याला परत पाठवले आहे. सर्व ग्रुप ‘ॲक्टिव्ह+क्लीन’ झाल्यावर आणि मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून तिचीही भरपाई संपल्यावर नोड ५ ची तारीख ठरेल, त्यानंतर किमान आठवडा थांबून नोड ६.

मंददिवा

नोड ५ बंद करण्यापूर्वी ओएसडी मॅपमधील फ्लॅग आणि होस्टनिहाय फ्लॅग, दोन्ही पाहा. होस्टपुरता लावलेला ‘नोआउट’ संपूर्ण क्लस्टरच्या फ्लॅगच्या ओळीत दिसत नाही. तो ‘हेल्थ डीटेल’मध्ये वेगळा येतो, आणि तेथे आपण काही म्यूट केले असेल, तर नजरेतून सुटतो.